बाबांच्या सामानाची वाटणी : कपाट उघडायच्या आधी काय ठरवावं?

सांजवेळ

इथे बरेच जाणते लोक आहेत म्हणून धागा काढतेय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

बाबांना जाऊन तीन महिने झाले, आई सात वर्षांपूर्वीच गेली. आम्ही तिघं भावंडं, दादा थोरला, मी मधली आणि एक धाकटी. घर आणि बँकेतले पैसे याबद्दल बाबांनी मृत्युपत्रात स्वच्छ लिहून ठेवलंय, तीन सारखे भाग, त्यावर कुणाचं एक अक्षर म्हणणं नाही. पण शेवटी एक ओळ आहे, 'घरातील इतर चीजवस्तू मुलांनी आपसांत समजुतीने वाटून घ्याव्यात.' घरावरून आम्ही भांडलो नाही आणि या एका ओळीवरून दोन महिने धुसफूस चालू आहे.

सुरुवात स्वेटरपासून झाली. बाबांचा राखाडी स्वेटर, आईने विणलेला, उजव्या कोपराला वेगळ्याच लोकरीचा रफू. वहिनीने अगदी चांगल्या मनाने, आम्हाला त्रास नको म्हणून, बाबांचं कपाट रिकामं केलं आणि कपडे देऊन टाकले. त्यात तो गेला. धाकटीला कळलं तेव्हा ती फोनवर नुसती गप्प राहिली आणि नंतर चार दिवस कुणाचाच फोन घेतला नाही. वहिनी रडकुंडीला आली, दादा चिडला, मी मधल्यामधे.

आता उरलंय ते असं : बाबांचं चावीचं मनगटी घड्याळ (हॉस्पिटलात त्यांच्या हातातून काढून दादाकडे दिलं होतं, ते तो तेव्हापासून घालतोय), आईच्या बांगड्या आणि एक गोफ, शिलाई मशीन, बाबांची हत्यारांची पेटी, रेडिओ, पुस्तकं, फोटो आणि वह्या. वह्यांबद्दल सांगायलाच हवं. बाबा १९८१ पासून रोज एक ओळ लिहायचे. 'पाऊस. बल्ब बदलला. धाकटीला ताप १०१.' एवढंच. वर्षाला एक वही, अशा चाळीसेक आहेत. त्या तिघांनाही हव्यात.

मला विचारायचंय ते हे की समजुतीने म्हणजे नेमकं कसं? कुणी पहिलं उचलायचं? किंमत धरायची की नाही? तुमच्याकडे कसं केलंत ते प्लीज लिहा, वाईट अनुभव असतील तर तेही.

वाटसरू

सांजवेळ, वडिलांबद्दल वाईट वाटलं. मी माझ्या काकांच्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर (म्हणजे त्यात लिहिल्याप्रमाणे सगळं पार पाडणारा) होतो, चार चुलत भावंडं आणि एक भरलेलं घर, त्यातून जे शिकलो ते लिहितो.

सगळ्यात आधी, आजपासून त्या घरातून एक चमचासुद्धा बाहेर जाणार नाही असं तिघांनी ठरवा. बोलून नाही, लिहून, तिघांच्या ग्रुपवर टाका. जे आधीच बाहेर गेलंय (म्हणजे घड्याळ) ते परत आणायची घाई करू नका, पण यादीत लिहा. मग घरातल्या प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कप्पा उघडून फोटो काढा. कप्पा बंद ठेवून काढलेल्या फोटोचा काही उपयोग नाही. त्यावरून यादी करा आणि प्रत्येक वस्तूला नंबर द्या. हे काम एकट्याने करू नका, दोघं तरी हवेत, नाहीतर नंतर 'मी गेलो तेव्हा तिथे अमुक होतं' हे सुरू होतं आणि ते कधीच संपत नाही.

दुसरं कायद्याचं. प्रत्येक देशाचा वारसा कायदा वेगळा, त्यामुळे बारकाव्यांसाठी आपल्या वकिलालाच विचारा, पण क्रम साधारण सगळीकडे हाच असतो : आधी गेलेल्या माणसाची देणी आणि खर्च, मग मृत्युपत्रात नाव घेऊन दिलेल्या वस्तू, मग उरलेलं वारसांना. म्हणजे देणी बाकी असताना मौल्यवान वस्तू वाटून टाकल्या तर त्या परत मागायची वेळ येऊ शकते. आणि अनेकांचा एक गैरसमज असतो, की माझ्याकडे मुखत्यारपत्र होतं म्हणून अजूनही मी सह्या करू शकतो, त्यांचं कार्ड वापरू शकतो. मुखत्यारपत्र माणसाबरोबर संपतं. त्या दिवसापासून अधिकार एक्झिक्युटरचा, नाहीतर कोर्ट नेमेल त्याचा.

आणि कपडे देण्याआधी प्रत्येक खिसा तपासा. माझ्या काकांच्या कोटाच्या आतल्या खिशात लॉकरची किल्ली होती. आम्ही ती सहा महिने शोधत होतो.

कोरा कागद

वरच्याला +१. खिशांसारखीच पुस्तकं. एकेक पुस्तक पाठीला धरून उलटं करून पानं हलवा. आमच्या आईच्या पुस्तकांतून पावत्या, जुनी पत्रं आणि माझ्या पहिल्या पगाराच्या पाकिटावरचं माझ्याच अक्षरातलं नाव कापून ठेवलेलं निघालं. रद्दीत गेलं असतं.

गणिती

पद्धतीबद्दल विचारलंत म्हणून. या प्रश्नावर गणितात खरंच काम झालेलं आहे आणि ते उपयोगी आहे.

दोघंच असतील तर सगळ्यात जुनी युक्ती, एकाने दोन ढीग करायचे, दुसऱ्याने निवडायचा. ढीग करणारा आपोआप सारखे करतो कारण उरलेला त्यालाच मिळणार. तिघं झाले की हे चालत नाही. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने १९४८ मध्ये यावर लिहिलं, त्याच्याबरोबरच्या बनाख आणि क्नास्टर यांनी दोनाहून जास्त माणसांसाठी पद्धती काढल्या. त्यातली क्नास्टरची बंद पाकिटांची पद्धत नेमकी तुमच्यासारख्या प्रसंगाची आहे, वस्तू एकच, तिचे तुकडे होत नाहीत आणि हवी तिघांना.

समजा तो गोफ. तिघांनी आपल्या लेखी त्याची किंमत चिठ्ठीवर लिहायची, एकमेकांना न दाखवता. एकाने ९०० लिहिले, दुसऱ्याने ६००, तिसऱ्याने ३०० (कुठलंही चलन धरा). गोफ ९०० वाल्याला. त्याच्या मते त्याचा वाटा ३००, वस्तू मिळाली ९०० ची, म्हणून तो ६०० मधे ठेवतो. दुसऱ्याच्या मते त्याचा वाटा २००, तो तेवढे उचलतो. तिसऱ्याच्या मते १००, तो तेवढे उचलतो. मधे ३०० उरले, ते तिघांत शंभर शंभर. शेवटी काय झालं बघा, तिघांनाही स्वतःच्या हिशेबाने जेवढं मिळायला हवं होतं त्याहून शंभर जास्त मिळालं. वाद होतो तो तिघांच्या किमती वेगळ्या असतात म्हणून, आणि इथे त्या वेगळेपणातूनच प्रत्येकाला जास्तीचं मिळतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा आकडेमोड करून बघावी लागली होती.

बाकीच्या छोट्या वस्तूंना पाळी लावा. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा पण दर फेरीला तोच क्रम ठेवू नका, १-२-३ झालं की पुढची फेरी ३-२-१. पहिला नंबर म्हणजे मोठा फायदा असतो, तो असा फिरवला की बराच कमी होतो.

अजून एक, घड्याळाबद्दल. काहनमन, क्नेच आणि थेलर यांचा १९९० चा कॉफीच्या मगांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अर्ध्या लोकांना मग दिले आणि विकायची किंमत विचारली, उरलेल्यांना विकत घ्यायची किंमत विचारली. मग हातात असलेल्यांनी दुपटीहून जास्त सांगितली, आणि त्यांच्या हातात मग येऊन काही मिनिटंच झाली होती. तुमच्या दादाच्या मनगटावर ते घड्याळ तीन महिने आहे. तो लबाडी करतोय असं नाही, वस्तू जवळ राहिली की ती सोडणं खरंच जड जातं. म्हणून वाटणीआधी वस्तू कुणाकडेच नसणं बरं.

पारिजातक

गणिती, तुमचा आदर ठेवून सांगते, पाकिटाची पद्धत आमच्याकडे झाली आणि मी त्यात आईची एकही वस्तू मिळवू शकले नाही. कारण साधं आहे, माझ्याकडे तेव्हा मधे ठेवायला पैसे नव्हते. नोकरी नुकतीच गेलेली, भाऊ दोघं स्थिरस्थावर. मी मोठा आकडा लिहिला असता तर भरणार कुठून? म्हणून लहान लिहिला. मला पैसे मिळाले, हिशेब चोख होता, कुणी फसवलं नाही. पण आईची शिलाई मशीन, जिच्या पायट्यावर बसून मी अभ्यास करायचे, ती आज भावाच्या गॅलरीत कुंड्यांखाली आहे आणि मी दर वेळी गेले की बघते.

सांजवेळ, ताई, तुमच्या तिघांची ऐपत सारखी नसेल तर पैशाची बोली लावू नका, कळकळीने सांगते.

गणिती

पारिजातक, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. पैशाऐवजी गुण वापरा. प्रत्येकाला १०० गुण, ते हव्या त्या वस्तूंवर वाटायचे. मशीनवर ७० लावले तर बाकीच्यावर ३०च उरले. इथे श्रीमंत गरीब सगळ्यांकडे शंभरच. ब्राम्स आणि टेलर यांनी १९९० च्या दशकात दोन माणसांसाठी यावर नीट बसवलेली पद्धत दिली, तिघांसाठी ती तशीच्या तशी लागू होत नाही, पण नुसते गुण लिहून उघडले तरी कुणाचा जीव कशात आहे ते दिसतं. सोनं वगैरे, ज्याला बाजारभाव आहे, ते वेगळं काढा आणि त्याचाच पैशात हिशेब करा. आठवणींच्या वस्तू गुणांवर. दोन्ही एका ताजव्यात टाकू नका.

जुनी पेटी

सोन्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते, मी या व्यवसायात होते. दागिना हातात आला की आतल्या बाजूचा शिक्का बघा, ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८. जुन्या दागिन्यांवर शिक्का नसतोच बऱ्याचदा, तेव्हा शुद्धता तपासून घ्या, तिघांसमोर. वजन खडे आणि आत भरलेली लाख वगळून धरा. घडणावळ परत मिळत नाही, त्यामुळे पावतीवरची रक्कम ही आजची किंमत नव्हे. विम्यासाठी काढलेली किंमत तर त्याहून फसवी, ती नवीन घ्यायला काय लागेल याची असते, विकून काय येईल याची नव्हे. एका बहिणीने विम्याच्या आकड्याने दागिना घेतला आणि दुसरीने रोख पैसे घेतले तर पहिली बुडाली, असं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि दोघींना वाटत होतं आपण अगदी सरळ वागलो. एकच तारीख धरा, एकच पद्धत धरा, सगळ्या वस्तूंना.

आणि कृपा करून वाटणीआधी जुनी नाणी घासूनपुसून चकचकीत करू नका. घासलेल्या नाण्याची किंमत पडते.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो काढायचं काम कालच सुरू केलं, मी आणि वहिनी मिळून. मुद्दाम वहिनीला बोलावलं. ती आधी नको म्हणाली.

दोन प्रश्न अजून आहेत. धाकटी म्हणते बाबांनी तिला सांगितलं होतं की रेडिओ तुझा. दादा म्हणतो मला तर असं कधी बोलले नाहीत. दोघंही खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. अशा तोंडी शब्दाचं काय करायचं? आणि बैठकीला नवरा-बायको-मुलं हवीत की फक्त आम्ही तिघं?

अक्षरवेल

तोंडी शब्दाबद्दल. हयातीत वस्तू प्रत्यक्ष हातात दिली असेल तर ती दिली, ती वाटणीत येत नाही. पण 'माझ्यामागे तुला' असं नुसतं बोलणं साधारणपणे कायद्यात टिकत नाही, म्हणूनच मृत्युपत्र लेखी आणि साक्षीदारांसमोर करायला सांगतात. हा झाला कायदा. घरातल्या घरात मात्र मी एक सुचवेन, यादी वाचायच्या आधी तिघांनी एकेक करून 'मला काय सांगितलं होतं' ते सांगून टाका, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, खरंखोटं करायचं नाही. आमच्याकडे या अर्ध्या तासात कळलं की आजीने तेच कानातले तीन नातींना कबूल केले होते. तिघींनाही खरंच कबूल केले होते! वय झालं होतं, प्रेम सगळ्यांवर होतं. हे ऐकल्यावर तिघी रडल्या आणि वाद तिथेच विरला, कारण खोटं कुणीच बोलत नव्हतं.

बैठकीबद्दल माझं ठाम मत, पहिल्या बैठकीला फक्त भावंडं. जोडीदार बाहेर, प्रेमाने सांगून. ते वाईट असतात म्हणून नाही, ते आपल्या माणसाची बाजू घेतात म्हणून, आणि ते बरोबरच आहे त्यांच्या जागी. पण आपल्या भावाने जे आपल्यासमोर सोडून दिलं असतं ते तो बायकोसमोर सोडू शकत नाही, बहीण नवऱ्यासमोर सोडू शकत नाही. नातवंडांना मात्र विचारा, वेगळं. त्यांना बहुतेक वेळा असं काहीतरी हवं असतं जे मोठ्यांच्या यादीतच नसतं.

एकटाच

मी सहसा लिहीत नाही, वाचत असतो. माझा मोठा भाऊ वडिलांच्या आधी गेला. वडील गेल्यावर आम्ही उरलेल्या दोघांनी सामान दोन भागांत वाटलं. भावाच्या मुलीला आम्ही विचारलंच नाही, ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, परीक्षा चालू होती, तिला कशाला त्रास असा विचार केला. बऱ्याच देशांच्या कायद्यात आधी गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना जातो, हे मला नंतर कळलं. पैशाचा भाग आम्ही नंतर नीट केला. पण तिने एकदाच सहज विचारलं, काका, आजोबांच्या टेबलावर माझ्या बाबांचा शाळेतला फोटो होता तो कुठेय? तो फ्रेमसकट गेला होता. तो फोटो आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता, मी अजून शोधतो.

जे या जगात नाहीत त्यांच्या मुलांना विचारा. एवढंच सांगायचं होतं.

पारिजातक

एकटाच, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. जुन्या नातेवाइकांकडे, शाळेच्या ग्रुप फोटोत वगैरे बघितलंत का? वर्गाचे फोटो इतर मुलांच्या घरी असतात.

एकटाच

शाळेच्या ग्रुप फोटोचं सुचलं नव्हतं. त्याच्या एका वर्गमित्राचा पत्ता आहे. उद्या विचारतो.

रात्रपाळी

फोन आणि खात्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आजकाल निम्मे फोटो तिथेच असतात.

एक, सिम लगेच बंद करू नका. बऱ्याच खात्यांचे ओटीपी त्यावर येतात, नंबर गेला की कायदेशीर मार्गाने खातं बंद करणंसुद्धा अवघड होतं. पण त्या ओटीपीने त्यांच्या बँकेचे व्यवहार करू नका, हेतू कितीही चांगला असला तरी, ते अंगाशी येतं. बँकेला कळवा आणि रीतसर करा.

दोन, अॅपलमध्ये डिसेंबर २०२१ पासून लेगसी कॉन्टॅक्ट नेमता येतो. नेमलेल्या माणसाकडे एक अॅक्सेस की असते, ती आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो, फाइल वगैरे तीन वर्षांपर्यंत उघडता येतात. गुगलमध्ये २०१३ पासून इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, आपण ठरवू तितके महिने खातं शांत राहिलं की आपण नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि आपण परवानगी दिलेला डेटा मिळतो. फेसबुकलाही २०१५ पासून तशी सोय आहे. पण हे सगळं जिवंतपणी सेट करावं लागतं! ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी पुढच्या भेटीत शेजारी बसून करा, दहा मिनिटांचं काम आहे.

तीन, ज्यांचं राहून गेलंय त्यांच्यासाठी : दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल पुसू शकतं, २०२३ मध्ये ते धोरण आलं. म्हणजे 'बघू नंतर' म्हणण्यात फोटो जाऊ शकतात.

कोरा कागद

वह्यांचं काय ठरवलं सांजवेळ? चाळीस भागिले तीन करू नका, प्लीज. १९९४ कुणाकडे आणि १९९५ कुणाकडे असं झालं की त्या कुणीच वाचणार नाही.

वाटसरू

सहमत. आणि 'एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे' हाही तोडगा निघेल बघा, सगळ्यांना तो गोड वाटतो. आमच्याकडे काकांच्या व्हायोलिनचं तसं ठरलं. पहिल्या वर्षी झालं, दुसऱ्या वर्षी चुलत भाऊ परदेशी गेला, तिसऱ्या वर्षी वाद्याची मान सुटली आणि दुरुस्ती कुणी करायची यावर दोन घरांचं बोलणं बंद. वस्तूला एक मालक हवा, जो तिची काळजी घेईल. बाकीच्यांना बघायचा, वाचायचा हक्क हवा, तो लिहून ठेवा.

अक्षरवेल

वाटसरू, इथे मी थोडी असहमत आहे. व्हायोलिन नाजूक, रोज हाताळायचं. आमच्याकडे आजोबांचा बुद्धिबळाचा पट अकरा वर्षं तीन घरांत फिरतोय, सुट्टीत ज्याच्याकडे सगळे जमतात तिथे तो राहतो. चालतं. पण त्यासाठी घरं जवळ हवीत आणि बोलणं चालू हवं, हे खरं. ज्यांच्यात आधीच ताण आहे त्यांनी या भानगडीत पडू नये.

सांजवेळ

झालं. म्हणजे बरचसं झालं. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून सविस्तर सांगते.

गेल्या रविवारी आम्ही तिघं बाबांच्या घरी जमलो, फक्त तिघं. वहिनीनेच दादाला एकट्याला पाठवलं. यादी १८६ वस्तूंची झाली होती. आधी अक्षरवेल म्हणाल्या तसं प्रत्येकाने आपल्याला काय सांगितलं होतं ते सांगितलं. रेडिओचं धाकटीने सांगितलं, दादा ऐकून म्हणाला, मला नव्हते बोलले पण तुझ्याबरोबर ते रात्री ऐकत बसायचे, मी कुठे बसायचो. रेडिओ यादीतून काढला.

मग प्रत्येकाने कागदावर पाच वस्तू लिहिल्या, शंभर गुण वाटले आणि प्रत्येकीच्या पुढे एक ओळ, का हवी ते. कागद एकदम उलटे केले.

मला वाटलं होतं घड्याळावर दादाचे पन्नास तरी असतील. त्याच्या कागदावर घड्याळ नव्हतंच. मी विचारलं, अरे तू तर रोज घालतोयस. तर म्हणाला, ते चावीचं आहे, एक दिवस चावी नाही दिली की बंद पडतं, बाबांच्या हातातून काढलं तेव्हा चालू होतं, मला ते बंद पडू द्यायचं नव्हतं. तीन महिने रोज सकाळी तो त्यासाठी चावी देत होता आणि मी तीन महिने मनात धरून बसले होते की याने न विचारता घेतलं. मी त्यावर तीस गुण लावले होते. मी म्हटलं तूच ठेव. नाही म्हणाला, ठरलंय तसंच करू. काढून माझ्या हातात दिलं, पट्टा अजून त्याच्या मनगटाच्या मापाचा होता.

दादाचे साठ गुण हत्यारांच्या पेटीवर. त्या पेटीत बाबांनी स्क्रू काचेच्या बाटल्यांत मापाप्रमाणे लावलेत, प्रत्येक बाटलीला कागदी चिठ्ठी, 'पाऊण इंची', 'दाराच्या बिजागरीचे उरलेले', 'हे कशाचे माहीत नाही, टाकू नये'. त्या पेटीवर आम्हा दोघींचा एकही गुण नव्हता.

धाकटीच्या कागदावर पहिलं होतं 'मशीनच्या खणातली राखाडी लोकर'. मला कळेचना. १८६ च्या यादीत ती नव्हती, आम्ही फक्त 'शिलाई मशीन, खणासह' लिहिलं होतं. खण उघडला तर खरंच होती, स्वेटरची उरलेली, अर्धा गुंडा, त्यात आईची एक सुई तशीच खोचलेली. धाकटीला ती तिथे असते हे लहानपणापासून माहीत होतं. नंतर तिने स्वतःहून वहिनीला फोन केला. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

बांगड्या आणि गोफ वेगळे काढले, जुनी पेटी यांनी सांगितलं तसं वजन आणि शुद्धता बघून, पैशात समान करून. तिथे काहीच अडलं नाही. बाकीचं पाळीने, १-२-३, ३-२-१. दोन तासांत संपलं. आम्ही दोन महिने ज्यावर बोलत नव्हतो ते दोन तासांचं काम होतं.

वह्यांवर तिघांचे मिळून ८५ गुण. त्यांचे तुकडे करायचे नाहीत यावर लगेच एकमत झालं. धाकटीकडे राहतील, तिचं घर कोरडं आहे. तिघांच्या सहीचा कागद केला, दोघांना विचारल्याशिवाय वह्या कुणाला द्यायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत, आणि तिच्यानंतर काय करायचं तेही लिहिलं. सगळ्या वह्या आधी स्कॅन करायच्या, ते माझ्याकडे.

एकटाच, तुमच्या फोटोचं काही कळलं का? रोज आठवण येते.

एकटाच

वर्गमित्राकडे सहावीच्या वर्गाचा फोटो आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. तोच फोटो नाही, पण तोच चेहरा आहे. पुतणीला पाठवला.

पारिजातक

सांजवेळ, घड्याळाचं वाचून रडले. आज भावाला फोन करून मशीनबद्दल विचारणार आहे. सरळ. इतकी वर्षं विचारलंच नव्हतं.

रात्रपाळी

स्कॅनबद्दल. मजकुरासाठी ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक व्हावा त्याचं माप) चालतं पण शाई फिकट असेल तर ६०० ठेवा, रंगीत, काळं-पांढरं नको. आणि मागची बाजू, मुखपृष्ठाच्या आतली बाजू, मधे ठेवलेले कागद, सगळं. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

सांजवेळ

हो, ६०० वरच करतेय, रंगीत. काल १९८३ पर्यंत पोचले. शाई खूप फिकट आहे पण स्क्रीनवर मोठं केलं की वाचता येतं. १४ ऑगस्टला लिहिलंय, 'हिने राखाडी लोकर आणली.'